विसावा, शेतीतील (चौरास परिसर, भंडारा जिल्हा)

विसावा, शेतीतील : कष्टाच्या वर्षात माणसाला, बैलाला आणि घराला मिळणारी मोकळीक, तसेच ती मिळवून देणाऱ्या गावच्या व शासनाच्या व्यवस्था. ही नोंद पवनी तालुक्यातील आसगाव आणि त्याभोवतीच्या, चौरास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धानपट्ट्यापुरती आहे.

महाराष्ट्रात सुटीचा इतिहास सांगताना सहसा मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात होते, आणि ते रास्तच आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून रविवारच्या सुटीसाठी गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी ती मागणी मान्य झाली. धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) मात्र रविवार नसतो. पऱ्हे (धानाची रोपे) वयात आले, पाऊस पडला आणि बांधीत पाणी साचले की रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकावीच लागते. उशीर झाला तर उतारा घटतो. सगळ्यांचीच ही घाई एकाच पंधरवड्यात येत असल्याने एकट्याने मागून येथे सुटी मिळत नाही. अख्ख्या गावाने एकदम हात थांबवले तरच ती मिळते, आणि तसे दिवस गावाने स्वतःच ठरवून ठेवले आहेत.

त्यांतला पहिला मोठा दिवस पोळ्याचा. श्रावण अमावास्येला येणारा हा सण बहुतेक वर्षी रोवणी संपल्यावर पडतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले जातात आणि पोळ्याच्या दिवशी जू कोणीही लावत नाही. मालकाने लावायचे म्हटले तरी गाव ऐकून घेणार नाही. सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची पद्ये) म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल ओढणाऱ्या पोरांचा तान्हा पोळा असतो. बैलाच्या सुटीने गड्यालाही सुटी मिळते, हा या सणाचा व्यवहारी अर्थ. ट्रॅक्टर आल्यावर सण राहिला, पण ही सक्ती सैल झाली.

खरा विसावा मंडईचा. दिवाळीनंतर, हलके (लवकर पिकणारे) धान कापून झाले की पूर्व विदर्भात गावोगाव मंडई भरते. दुकाने लागतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये होतात आणि रात्री नाटक. मंडईची रचना बघण्यासारखी आहे. शेजारच्या गावांचे दिवस सहसा वेगवेगळे असतात, म्हणून एका गावचा माणूस दुसऱ्या गावी पाहुणा होऊ शकतो आणि पुढे त्याच्याकडे पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. सरकारी सुट्यांच्या यादीत मंडई नाही, तरीही त्या दिवशी गावात मजूर मिळणे कठीण. मंडईपासून होळीपर्यंत झाडीपट्टी (पूर्व विदर्भातील) रंगभूमीचा मोसम चालतो. या नाटकमंडळ्यांचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) येथे आहे आणि या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. याच मोसमात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतीही होतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली होती. शर्यतींना परवानगी देणारी राज्याची कायदादुरुस्ती १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने वैध ठरवली.

या सगळ्या विसाव्यात बाईचा वाटा किती, हे मात्र विचारलेच पाहिजे. मंडईला घरात दहा पाहुणे आले की चूल दिवसभर विझत नाही. दंडार बघायला ती जाते ती भांडी आवरल्यावर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. रोवणीच्या दिवसांत हे जवळपास पाच तास बांधीतल्या वाकलेल्या दिवसावर वाढीव असतात. तान्हे मूल सासू सांभाळते. सासू नसेल तर थोरली मुलगी, आणि मग तिची शाळा बुडते.

शासकीय आधार याच जागी तोकडा पडतो. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली, पण ती काही तासांची, आणि रोवणीचा दिवस लांब. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याने मागेल त्याला काम दिले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका स्त्रीला नेमून तिला तीच मजुरी देण्याची तरतूद झाली. तरतूद चांगली होती, पण ती सरकारी कामापुरती. खाजगी बांधीत रोवणी करणाऱ्या टोळीला ती लागू झाली नाही. शेतीबाहेर, घरी बिड्या वळणाऱ्यांना १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले, पण घरातले काम कुठे संपते हे कोणताही कायदा ठरवू शकलेला नाही.

गेल्या काही दशकांत रिकामा काळही आक्रसला. सिंचन वाढल्यावर उन्हाळी धान आले आणि त्याची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन नाटकांच्या आणि शंकरपटांच्या दिवसांत येऊ लागली. हार्वेस्टरने कापणीचे दिवस वाचवले. ते शेतमालकाला विसावा म्हणून मिळाले; कापणीवर जगणाऱ्या मजुराची तेवढी मजुरी गेली. ती भरून काढायला अनेक बाया पवनी-भिवापूर भागातील मिरचीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरच्या खुडण्याच्या जागी, देठ काढायला जातात. तेथे मजुरी वजनावर असते, त्यामुळे दुपारी हात थांबवला तर तेवढे पैसे कमी होतात.