रमाबाई नगर : साडेसातच्या आधी आणि नंतर

११ जुलै १९९७, शुक्रवार. घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेलं माता रमाबाई आंबेडकर नगर.

पहाट. वस्तीच्या तोंडाशी बाबासाहेबांचा पुतळा. त्याच्या गळ्यात कुणीतरी रात्रीतून चपलांचा हार घातलेला. काही पावलांवर पोलिसांची बीट चौकी. लोक साहजिकच आधी तिथे गेले. तिथून त्यांना पंतनगर पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवण्यात आला. त्या दिवसाचा निकाल मला इथेच लागलेला दिसतो. एखाद्या अधिकाऱ्याने पुतळ्यापाशी उभं राहून पंचनामा केला असता, वस्तीतल्या चार जाणत्यांशी बोलला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं. तक्रार घेणं हाही बंदोबस्तच असतो.

सकाळी ७. बातमी घराघरांत पोचली. माणसं महामार्गावर उतरली, वाहनं अडली. रास्ता रोको मुंबईला नवा नव्हता. सगळ्याच पक्षांनी तो केलेला.

७.३० च्या सुमारास. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि जमावापासून बऱ्याच अंतरावर थांबली. तुकडीचे प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम. बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार कायद्याने उपनिरीक्षकालाही दिलेला आहे. पण त्याला पायऱ्या असतात : इशारा, अश्रुधूर, लाठी, आणि काहीच उपाय उरला नाही तर गोळी, तीही कमरेखाली. इथे सेवारस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांवर थेट गोळ्या सुटल्या. दहा-पंधरा मिनिटं गोळीबार चालला. १० जण मेले. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. काहींचा रास्ता रोकोशी संबंधही नव्हता. कसला आवाज म्हणून ते बाहेर आले होते.

चौकीतून परत पाठवलेली तक्रार आणि दहा मृतदेह यांच्यात एक सकाळसुद्धा पुरी गेलेली नाही.

११.३० च्या सुमारास. संतापलेल्या जमावाने एक आरामबस पेटवली. त्यानंतर पोलीस वस्तीत शिरले. अश्रुधूर सुटला, घरांत घुसून लाठ्या चालल्या. अश्रुधुराची पाळी गोळीनंतर आली, हा क्रम नीट पाहावा. गोळीबार नाइलाजाने झाला असं म्हणणाऱ्याला आधी या उलट्या क्रमाचा हिशेब द्यावा लागेल.

त्यानंतर. पोलिसांची बाजू पुढे आली : महामार्गावर गॅसचे टँकर अडकले होते, जमाव ते पेटवणार होता, म्हणून गोळी चालवली. ऐकताक्षणी पटावं असं हे कारण. पण ते त्याच दिवशी तपासायला पोलीस खात्याबाहेरचा कुणी होता का? टँकर नेमके कुठे उभे होते, गाडी कुठे थांबली, आदेश कुणाचा, काडतुसं किती खर्च झाली, याच्या नोंदी ताब्यात घेणारा माणूस गृहखात्याच्या हुकमाखाली नसावा, एवढीच स्वतंत्र देखरेखीची मागणी असते. ती पोलिसांच्या विरोधात नाही. नियमाने वागलेल्या शिपायाचाही तोच साक्षीदार.

१५ जुलै. या गोळीबाराने व्यथित होऊन शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला.

यापुढे घड्याळाचा उपयोग नाही, कॅलेंडर लागतं. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. १९९८ मध्ये आलेल्या अहवालाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, कदम यांना जबाबदार धरलं, टँकरची सबबही मान्य केली नाही. आयोग उत्तम काम करू शकतात, हे इथे दिसलंच. पण १९५२ च्या कायद्याखालच्या आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिवाय जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर खटला चालवायचा तर परवानगी सरकारचीच लागते. म्हणजे गोळी ज्याच्या दलाची, किल्लीही त्याच्याच कनवटीला.

मे २००९. सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. घटनेला जवळजवळ बारा वर्षं झाली होती. काही दिवसांतच उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

मधल्या काळात, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापण्याचा आदेश दिला होता. त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असंही स्पष्ट सांगितलं होतं. महाराष्ट्राने कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. तोवर मावळात, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे गेले होते.