तळटीप : जळगावची ‘सतरा मजली’

सतरा मजली : जळगाव महापालिकेची प्रशासकीय इमारत, अधिकृत नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. महापालिका 2003 साली झाली, इमारत मात्र त्याआधीच्या नगरपालिकेनेच उभी केली. महानगराचा दर्जा मिळण्याआधी एका नगरपालिकेने सतरा मजले चढवावेत, हे धाडस दाद देण्याजोगंच आहे.

पायथ्याशी फुले मार्केटची वर्दळ. जवळच्या गोलाणी मार्केटात तर मोबाइलची दुकानं आणि कार्यालयं एकाच छपराखाली आहेत.

खानदेशाला ही सरमिसळ नवी नाही. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ आखली. तिथल्या समांतर गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात. या पेठेतल्या जुन्या घरांत रस्त्याकडे ओट्याला लागून दुकान, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड अशी सोय असे. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, लाकडी फळ्या आणि वर चोपून बसवलेला मातीचा थर, म्हणजेच धाबं. उन्हाळ्यात त्यावरच पापड-कुरडया वाळत आणि रात्री अंथरुणं पडत.

पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खाऱ्या मातीचा नवा थर द्यावाच लागे. नाही तर खालच्या दुकानातला माल भिजे.