लहान शहरांतील सार्वजनिक सुविधांचे नियोजन

नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या शहरात शाळा, दवाखाना, क्रीडांगण, बाग, वाचनालय, मंडई, अग्निशमन केंद्र, स्मशानभूमी यांची गरज मोजून त्यांच्या जागा, बांधकाम व चालवण्याचा खर्च ठरवण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात तिला ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966’ याचा आधार आहे. त्याखाली होणाऱ्या विकास आराखड्यात या सुविधांसाठी जागा आरक्षित होतात. व्यवहारात मात्र नियोजन म्हणजे आरक्षण, अशीच समजूत रूढ झाली असून लहान शहरांतले बरेचसे अपयश तिच्यातूनच येते.

आरक्षण टाकल्याने जमीन पालिकेची होत नाही. ती घ्यावी लागते. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी जमिनीला बाजारमूल्य आणि तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. घरपट्टी व पाणीपट्टीवर चालणाऱ्या, एरवी शासकीय अनुदानावर विसंबलेल्या पालिकेला तो झेपत नाही. पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्काचे, म्हणजे दुसरीकडे वाढीव चटईक्षेत्र बांधण्याच्या, विकता येणाऱ्या हक्काचे प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. पण वाढीव चटईक्षेत्राला गिऱ्हाईकच नसेल, तर ते प्रमाणपत्र घेऊन मालकाने करायचे काय? मुंबई-पुण्यात चालणारे हे चलन तालुक्याच्या गावी सहसा वटत नाही. शिवाय अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीत संपादन सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली स्पष्ट केले, की नुसता ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडणे म्हणजे संपादनाची सुरुवात नव्हे. अशा वेळी मालकाची दहा-बारा वर्षे अडकतात, आणि मुलांना मैदान मिळत नाही ते नाहीच.

म्हणून लहान शहराने मोजकीच आरक्षणे टाकावीत, आणि तीही खर्चाची तरतूद दाखवता येईल तेवढीच. यावर नगररचनाकारांचा आक्षेप वजनदार आहे: आज राखलेली जागा उद्या बांधकामाखाली गेली की परत मिळत नाही, आणि दर हजार लोकसंख्येमागच्या क्षेत्राचे मानक सोडले तर गरीब वस्त्यांच्या वाट्याला काहीच उरणार नाही. पहिला मुद्दा खरा आहे, परंतु व्यपगत आरक्षणही जागा वाचवत नाही, फक्त तिचे जाणे लांबवते. स्मशानभूमी, पाण्याची टाकी, रस्ते यांसारख्या पर्याय नसलेल्या गोष्टींसाठी आरक्षण हवेच. बाकी ठिकाणी समावेशक आरक्षण, म्हणजे मालकाने काही भाग पालिकेला देऊन उरलेला स्वतः विकसित करणे, जास्त उपयोगी ठरते. मोठ्या रेखांकनांत सोडावी लागणारी दहा टक्के खुली जागा तर खर्चाविना मिळते. ती वस्तीच्या टोकाला, नाल्याकाठी ढकलली जाऊ नये, एवढे मंजुरीच्या वेळी पाहायला हवे. दुसऱ्या मुद्द्याबद्दल सांगायचे, तर मानक एकूण क्षेत्र मोजते, चालत जायचे अंतर नाही. शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर मोठी बाग दाखवूनही ते पुरे होते. झोपडपट्टीतल्या मुलाला तिचा उपयोग नसतो.

मानकांतली आणखी एक उणीव अशी, की ती पालिका हद्दीतली लोकसंख्या धरतात. तालुक्याच्या ठिकाणचे ग्रामीण रुग्णालय, आठवडी बाजार, एसटी स्थानक, महाविद्यालय ही आसपासच्या खेड्यांचीही असतात. बाजाराच्या दिवशी गर्दी कितीतरी वाढते, आणि सार्वजनिक शौचालयांची खरी गरज, विशेषतः बायकांसाठी, त्याच दिवशी कळते. हा भार पालिकेने एकटीने उचलावा हे न्याय्य नाही. जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागताना तो आकड्यांनिशी मांडता आला पाहिजे. इमारतीइतकाच माणसांचाही प्रश्न आहे. वाचनालय बांधायला एकदा अनुदान मिळते, पण ग्रंथपालाचा पगार दरमहा लागतो, आणि मंजूर आकृतिबंधात पद नसेल तर इमारत कुलूपबंद राहते. अग्निशमन बंब असून प्रशिक्षित चालक नसणे हा त्याहून धोकादायक प्रकार. संध्याकाळी रिकामी असलेली पालिकेची शाळा अभ्यासिका म्हणून उघडायला नवी जमीन लागत नाही. रखवालदार, वीजबिल आणि मुख्याध्यापकांची संमती लागते.