गोणी क्विंटलची, हमाल पन्नाशीचा

मुंबईत दाणाबंदरच्या वखारींत गोणी चढवायची रीत ठरलेली होती. दोघांनी आकडी लावून ती उचलायची, तिसऱ्याने मान खाली घालून पाठ पुढे करायची. ओझं मानेमागे नीट बसलं की तो गुडघ्यांतून उठायचा आणि पळाल्यासारखा थप्पीकडे निघायचा. मध्येच थांबलं तर तीच गोणी जास्त जड लागते. गोणी जवळपास क्विंटलभराची. वाहणाऱ्याचं स्वतःचं वजन बहुधा त्याहून बरंच कमी.

विशीत हे निभतं. पंचेचाळिशीत काय?

हा प्रश्न शास्त्राने फार उशिरा विचारला. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कारखान्यात 1899 साली फ्रेडरिक टेलरने कच्च्या लोखंडाच्या, 92 पौंडांच्या लगडी उचलणाऱ्यांचा हिशेब मांडला. माणशी साडेबारा टनांचं रोजचं काम साडेसत्तेचाळीस टनांवर न्यायचं त्याने ठरवलं. त्याच्याच लिहिण्यानुसार हे आठांतल्या एकालाच झेपणारं होतं. उपाय सोपा: तो एक निवडायचा, बाकीचे हलवायचे. तो एक म्हातारा झाल्यावर काय, हे टेलरच्या हिशेबात नव्हतं.

महाराष्ट्रात वाट वेगळी निघाली. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईचे माथाडी संघटित केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. 1969 साली माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असं सगळं मिळालं. गोणीचं वजन मात्र इतक्या सहजी उतरलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची शिफारस केली होती. सोबतच्या करारावर भारताने शिक्कामोर्तब केलं 2010 साली. पन्नास किलोंवरच्या गोणीला हात लावणार नाही, म्हणून वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडींना त्यानंतरही काम थांबवावं लागलं. शिफारशीत बायकांचा आणि कोवळ्या पोरांचा वेगळा विचार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या हमालासाठी वेगळा आकडा नाही.

टोळीला मात्र हे न सांगता कळतं. थकलेल्या गड्याला थप्पी लावायला, गोण्या मोजायला उभं करतात. कमाई वाटून घ्यायची असल्याने ही माणुसकी बाकीच्यांच्या खांद्यावर पडते, हेही खरंच.

वय आणि काम यांचा एकत्र हिशेब नीट मांडला फिनलंडने. युहानी इल्मारिनेन आणि सहकाऱ्यांनी 1981 पासून 44 ते 58 वयाच्या सहा हजारांवर नगरपालिका कामगारांचा माग ठेवला, अकरा वर्षांनी त्यांनाच पुन्हा गाठलं. ताकद वयाबरोबर उतरत होती, काम त्या मानाने हलकं होत नव्हतं. ज्यांची कार्यक्षमता उलट सुधारली, त्यांच्याबाबतीत वरिष्ठांची सुधारलेली वागणूक, तेच-ते हातकाम कमी होणं आणि व्यायाम या गोष्टी दिसल्या. मुकादमाचा स्वभाव गुडघ्यांपर्यंत पोचतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही हमालाने त्यांना फुकट सांगितलं असतं!

त्यातून निघालेल्या कार्यक्षमता निर्देशांकात 7 ते 49 गुण असतात. पहिलाच प्रश्न असा: तुमची आयुष्यातली सर्वोत्तम कार्यक्षमता 10 धरली, तर आजची किती? याला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. माथाडी मंडळांनी पुढच्या आरोग्य तपासणीत तो विचारून पाहावा, आणि उत्तर पाचाच्या खाली आलं तर त्या माणसाची आकडी काढून त्याच्या हाती मोजणीची वही द्यावी, मजुरी न कापता.