बेने इस्राएल समाजातील वंशभावना आणि ऐक्य

बेने इस्राएल हा कोकण किनाऱ्यावर अनेक शतके राहत आलेला मराठीभाषक ज्यू समाज आहे. 'बेने इस्राएल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्राएलची मुले' असा होतो. बायबलमध्ये हे नाव कोणा एका वंशाचे नसून प्राचीन इस्राएलींच्या बाराही वंशांचे सामाईक नाव आहे. या समाजाचे ऐक्य समान पूर्वजांची स्मृती आणि घरगुती धर्माचार यांवर टिकून राहिले. मात्र वंशाची हीच कसोटी समाजांतर्गत भेदासाठी, आणि पुढे समाजाविरुद्धही, वापरली गेली.

धर्मग्रंथातील पार्श्वभूमी

उत्पत्तीच्या पुस्तकानुसार याकोबाला 'इस्राएल' हे नाव मिळाले व त्याच्या बारा पुत्रांपासून बारा वंश निर्माण झाले. यहोशवाच्या पुस्तकात कनान देशाची भूमी वंशवार वाटून दिल्याचे वर्णन आहे. त्यानंतरच्या शास्त्यांच्या काळात या वंशांवर राजा नव्हता. संकटसमयी एकत्र येणे हे परस्परनिष्ठेवर अवलंबून असे. दबोरेच्या गीतात युद्धाला धावून आलेल्या वंशांची स्तुती आणि घरी राहिलेल्यांची निर्भर्त्सना आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटी बन्यामीन वंश गिबा येथील गुन्हेगारांना स्वाधीन करण्यास नकार देतो, तेव्हा इतर वंश त्याच्याशी युद्ध करतात. विजयानंतर मात्र एक वंश नष्ट होईल या भीतीने तेच शोक करतात.

दाविदाने सर्व वंशांचे एक राज्य उभारले. शलमोनाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र रहबाम याने प्रजेवरील भार हलका करण्यास नकार दिला व उत्तरेकडील दहा वंश वेगळे झाले. हे उत्तरेचे राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सत्तेने जिंकले. तेथील विखुरलेल्या लोकांविषयीच 'हरवलेले दहा वंश' ही कल्पना रूढ झाली.

उत्पत्तीविषयीची परंपरा

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला. मृतांना पुरल्याची जागा नवगाव येथे दाखवली जाते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पूर्वज इ.स.पू. १७५ च्या सुमारास गालीलातून निघाले असावेत, असे मत त्यांनी मांडले. काही जण मात्र हरवलेल्या दहा वंशांशी संबंध जोडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात समाजात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या.

ऐक्याची साधने

कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक 'शनिवार तेली' या नावाने ओळखले जात. धर्मग्रंथ व हिब्रू भाषेचे ज्ञान लोपले असतानाही शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना टिकून राहिली. दाविद रहाबी यांनी समाजाला पुन्हा धर्मशिक्षण दिले व झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील व्यक्तींना काजी नेमले, असे परंपरा सांगते. पेणकर, रोहेकर, दिवेकर यांसारखी आडनावे मूळ गावांची खूण सांगतात.

एलियाहू हानाबी (संदेष्टा एलीया) यांच्या नावाने होणारा पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा हा समाजाचा खास विधी आहे. राज्य दुभंगल्यानंतरही कर्मेल डोंगरावर बारा वंशांच्या संख्येइतके बारा दगड घेऊन वेदी बांधणारा संदेष्टा तो हाच.

सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत असताना 'बेने इस्राएल' या ओळखीमुळेच त्यांचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग, शआर हारहमीम, बांधले.

वंशावरून झालेले भेद

समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते. हा भेद नावाने वर्णाचा असला तरी कसोटी वंशाची होती: आई बिगरज्यू असलेल्यांची संतती 'काळी' मानली जाई व तिच्याशी रोटीबेटी व्यवहार होत नसे. विसाव्या शतकात हा भेद ओसरला. दुसरीकडे, मुंबईतील बगदादी ज्यूंनी बेने इस्राएलांच्या वंशशुद्धतेवर शंका घेतली आणि १८३६ मध्ये दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालण्याची मागणी केली.

इस्रायलमधील वाद

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बी कार्यालयाने इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेचे विशेष अधिवेशन भरले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने समाजाला पूर्ण समानतेने ज्यू मानले जावे, अशी भूमिका घेतली. त्यानंतर निर्देशातून बेने इस्राएल हा उल्लेख वगळण्यात आला.

सद्यस्थिती

१९४८ च्या सुमारास भारतात या समाजाची संख्या सुमारे २०,००० होती. आज ती काही हजारांवर आली आहे. उरलेली बहुतेक कुटुंबे मुंबई, तिची उपनगरे आणि मुलुंडला लागून असलेल्या ठाणे शहरात राहतात. ठाण्यातील शआर हाशामाइम हे सिनेगॉग १८७९ चे असून कुर्ल्यातही प्रार्थनागृह आहे. सार्वजनिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. त्यामुळे स्थलांतरानंतर अनेक ठिकाणी ही संख्या जमवणे हाच ऐक्याचा व्यावहारिक प्रश्न बनला आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.