'थाट', 'खाली' आणि 'चीज' : लखनौ व मराठी संगीतपरिभाषा

१९२६ साली लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक स्थापन झाले. त्याच्या अभ्यासक्रमाला आधारभूत असलेली बरीचशी शास्त्रचर्चा त्यापूर्वीच मराठीत झाली होती. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० मध्ये गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने मराठीत प्रसिद्ध झाला होता. या इतिहासाचा विचार बहुधा स्वरलिपी व रागवर्गीकरण यांच्या अंगाने होतो. परिभाषेतील शब्द हिंदी-उर्दूतून मराठीत वावरू लागले तेव्हा त्यांच्या वाच्यार्थाचे व लक्ष्यार्थाचे काय झाले, हे मात्र फारसे पाहिले जात नाही.

'थाट' हा शब्द घ्यावा. हिंदीत 'ठाठ' म्हणजे छपरासाठी बांधलेला बांबूंचा सांगाडा. सतारीवरील पडद्यांची विशिष्ट मांडणी हाही ठाठच. भातखंडे यांच्या दहा थाटांमागे हा रचनेचा अर्थ आहे. मराठी विद्यार्थ्याला मात्र 'थाट' म्हटले की डौल, थाटमाट आठवतो. सांगाडा नाहीसा झाला आणि शोभा तेवढी उरली, असे म्हणावे तर 'दुकान थाटणे', 'संसार थाटणे' या प्रयोगांत मूळ अर्थ शाबूत आहे. वाच्यार्थ नामातून निघून क्रियापदात दडला आहे. कँटोनीज शिकणाऱ्यालाही असाच शोध घ्यावा लागतो : तेथे नोकरीवरून काढण्याला 'माकूळ परतणे' म्हणतात, आणि आचेवर गुंडाळल्या जाणाऱ्या माकुळात गाशा गुंडाळणाऱ्या कामगाराची वळकटी दिसल्याखेरीज तो प्रयोग उलगडत नाही.

'खाली'ची अडचण निराळी. हिंदीत खाली म्हणजे रिकामे; रोजच्या मराठीत मात्र त्याचा अर्थ वरच्याच्या उलट. तालातील खालीला टाळी नसते, हात खाली नेण्याशी तिचा संबंध नाही. भातखंडे यांच्या लिपीत तिचे चिन्ह शून्य आहे. शब्दाने जे झाकले, ते चिन्हाने राखले.

'चीज' मूळ फारसी. अर्थ केवळ 'वस्तू'. उस्तादांच्या घरी ती सहजासहजी न देण्याची ठेव झाली, आणि मराठीत तर 'कष्टांचे चीज होणे' म्हणजे मोल मिळणे. अशा शेकडो चिजा 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या गेल्या. त्यांवर शिकलेले आणि पुढे लखनौच्या त्याच कॉलेजचे प्राचार्य झालेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी 'अभिनव गीतमंजरी'त स्वतःच्या बंदिशी दिल्या.