विडीचे सूप आणि दारची शेळी
सिन्नरच्या घरांतील श्रमाचा आणि जनावरांच्या सोबतीचा परिचय

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या पायाशी कुत्रे झोपलेले आहे, बैठक चालू असताना मांजर कळफलकावर चढते आहे, अशी चित्रे सर्वांच्या परिचयाची झाली. जणू काही घर, काम आणि पाळीव प्राणी यांची गाठ प्रथमच पडत होती! वस्तुतः नाशिक-पुणे रस्त्यावरील सिन्नरसारख्या गावात ही गाठ कित्येक पिढ्यांपूर्वीच पडलेली आहे. येथे संगणकाच्या जागी सूप आहे, आणि कुत्र्या-मांजरांच्या बरोबरीने शेळी आहे. ओसरीवर मांडीत सूप घेऊन विडी वळणारी स्त्री आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात खुंट्याला बांधलेली शेळी, हे घरून होणाऱ्या कामाचे आपल्याकडील जुने आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित रूप होय.

विडीचे गाव

सिन्नरची ओळख अनेक अंगांनी सांगता येते. यादवांच्या आरंभकाळातील हे एक महत्त्वाचे नगर. गोंदेश्वराचे पंचायतन मंदिर त्या वैभवाची साक्ष देत आजही उभे आहे. अलीकडच्या काळात मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची औद्योगिक वसाहत यांमुळे सिन्नर कारखानदारीचे केंद्र बनले. परंतु या कारखान्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वी गावाला रोजगार दिला तो विडीने. तालुक्याचा पूर्वभाग अवर्षणप्रवण. शेतीचा भरवसा नाही, अशा कुटुंबांतील स्त्रियांना घराबाहेर न पडता चार पैसे मिळवून देणारे काम म्हणून विडीचा जम बसला. शेजारच्या संगमनेर, अकोले भागातही हेच चित्र होते.

कामाची रीत ठरलेली. कारखान्यातून किंवा ठेकेदाराकडून टेंभुर्णीची पाने, तंबाखू आणि दोरा वजनाने घरी आणावयाचा. पाने भिजत घालून मऊ करावयाची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने बेतावयाची, चिमूटभर जर्दा भरून विडी वळावयाची आणि दोऱ्याने बांधावयाची. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. तयार माल परत देताना त्यातील सदोष विड्या बाजूला काढल्या जातात, त्यास ‘छाट’ म्हणतात. छाटीत गेलेल्या विडीचे कष्ट पाण्यात. म्हणून हात भरभर चालला पाहिजे आणि विडीही नेटकी उतरली पाहिजे, असा दुहेरी ताण या कामात सतत असतो.

शेळीच का?

विडी वळणाऱ्या घरी गाय-म्हैस परवडत नाही. तिला जागा हवी, वैरण हवी, भरपूर पाणी हवे. शेळीचे तसे नाही. बांधावरचा झाडपाला, बाभळीच्या शेंगा, घरातील भाजीपाल्याची देठे एवढ्यावर तिचे बरेचसे भागते. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि पुणे हे जिल्हे ‘संगमनेरी’ या प्रसिद्ध शेळी-जातीचे मूळ क्षेत्र होय. बहुधा पांढरी, क्वचित काळ्या वा तपकिरी छटांची ही शेळी दूध आणि मांस या दोन्हींसाठी उपयुक्त मानली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचे काम अनेक वर्षे चाललेले आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. चांगली निगा राखल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळू शकतात आणि जुळी करडे होणे नवलाचे नाही. मुलीची शाळेची फी, आजारपण, सणवार, अशी निकड आली की एखादा बोकड बाजारात जातो. विडीची मजुरी रोजच्या मीठ-मिरचीत संपते. शेळी मात्र शिल्लक म्हणून दारी उभी राहते. या दृष्टीने विडी हा या घरांचा गल्ला, तर शेळी ही त्यांची ठेव होय.

दोन्ही कामांचा मेळही चांगला बसतो. विडीचे काम बसून करावयाचे आणि हवे तेव्हा थांबविता येणारे. शेळीचे काम उठून करावयाचे आणि दिवसभर थोडे थोडे पुरणारे. सकाळी झाडलोट व दूध, मग पाने कापणे, दुपारी घरातील कोणी शेळ्या चारून आणीपर्यंत विड्या वळणे, संध्याकाळी पुन्हा पालापाणी आणि रात्री उद्याची पाने भिजविणे, असा दिवस सरतो. बाहेरून पाहणाऱ्यास ही स्त्री ‘घरीच असते’ असे वाटते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. विडी आणि शेळी यांचे श्रम त्याहून निराळे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘घरी असणे’ म्हणजे काय याची कल्पना येते.

कायद्याच्या नजरेतून घर

घरी बसून काम करणारी स्त्री ही कामगार आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीर्घ काळ लागला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मालकाकडून वा ठेकेदाराकडून माल घेऊन घरी विडी वळणाऱ्यांना कामगाराच्या व्याख्येत घेतले. कच्चा माल आणि छाट यांवरून होणारे वाद मिटविण्याची सोयही त्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा कायदा वैध ठरविला. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुले अशा योजना आल्या. १९८५ च्या निकालाने घरखात्यावर विडी वळणाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधीवरील हक्कही मान्य झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर विडीवरील कल्याण उपकर रद्द झाला. पुढे १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरखात्यावरील कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्यासाठी अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने मोठा पाठपुरावा केला होता. भारताने मात्र या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही.

यात एक उणीव राहून गेली. १९६६ च्या कायद्यातील स्वच्छता, हवा-उजेड, गर्दी यांविषयीचे नियम ‘औद्योगिक जागे’ला लागू होते आणि त्या व्याख्येतून राहते घर वगळलेले होते. मजुरीचा हक्क घरापर्यंत पोहोचला, परंतु कामाच्या जागेची निगा उंबऱ्याबाहेरच राहिली. तंबाखूची धूळ ज्या खोलीत उडते त्याच खोलीत चूल असते, तेथेच मूल रांगते आणि पावसाळ्यात तेथेच करडूही बांधले जाते. या जागेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

धूळ, धोके आणि दक्षता

तंबाखूतील निकोटीन हे माणसाप्रमाणेच जनावरासही विषारी असते. लाळ गळणे, उलटी, थरथर, अडखळत चालणे, श्वासाला त्रास ही विषबाधेची लक्षणे होत. कुत्रा, मांजर, कोंबडी यांचे शरीर लहान, त्यामुळे थोडी मात्राही घातक ठरू शकते. करडे तर दिसेल त्याला तोंड लावतात. सांडलेला जर्दा, छाटीच्या विड्या, पाने भिजविलेल्या भांड्यातील तंबाखूमिश्रित पाणी ही त्यांच्या आवाक्यात राहता कामा नयेत.

जंतांवर उपाय म्हणून जनावराला तंबाखू चारण्याची चालही कोठे कोठे आढळते. एके काळी निकोटीन सल्फेट हे जंतनाशक म्हणून वापरले जात असे, हे खरे. परंतु औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर इतके थोडे, की सुरक्षित औषधे येताच ते मागे पडले. हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

धोका उलट दिशेनेही संभवतो. शेळ्यांतील ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला होऊ शकतो. गाभडलेल्या शेळीची वार वा मृत करडू उघड्या हाताने उचलणे, दूध न उकळता पिणे, यांतून त्याचा संसर्ग होतो. सूप मांडीवर घेण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुणे ही साधी सवय माणूस आणि जनावर या दोघांनाही जपते.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

– विडीची जागा आणि जनावरांची जागा वेगळी असावी. एका प्रौढ शेळीस छपराखाली सुमारे १० चौरस फूट आणि मोकळी सुमारे २० चौरस फूट जागा लागते.
– जर्दा झाकणाच्या डब्यात ठेवावा. काम संपताच ओल्या फडक्याने जमीन पुसावी. कोरड्या केरसुणीने धूळ पुन्हा उडते.
– वळण्याचे काम शक्यतो ओसरीवर, हवेशीर ठिकाणी करावे.
– पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पीपीआर व लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्यावी.
– कुत्र्या-मांजरांना दरवर्षी रेबीजची लस द्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्वरित दवाखाना गाठावा.

संगणकावर घरून काम करणाऱ्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. जनावराच्या खाण्याची व फिरण्याची वेळ ठरलेली असली, की ते कामाच्या वेळी शांत राहते. विजेच्या तारा त्याच्या दातांपासून दूर ठेवाव्यात. चॉकलेट, कांदा, द्राक्षे कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. दिवसभराच्या सोबतीची सवय लागलेले कुत्रे कार्यालये सुरू होताच एकाकी पडते, हे टाळेबंदीनंतर पुष्कळांच्या अनुभवास आले. त्यासाठी त्याला थोडा थोडा वेळ एकटे ठेवण्याची सवय आधीपासूनच लावावी.

पुढे काय?

विडीचे भवितव्य उज्ज्वल नाही, आणि विडीने होणारी आरोग्याची हानी पाहता त्याविषयी खंत करण्याचेही कारण नाही. खंत आहे ती या स्त्रियांच्या हातांची. तंबाखूविरोधी धोरणात पर्यायी रोजगाराचा उल्लेख होतो. परंतु वयाची चाळिशी ओलांडलेल्या, पाठ-मान धरलेल्या विडी कामगार स्त्रीला कारखान्याच्या फाटकात कोण घेणार? टाळेबंदीत तंबाखूविक्रीवर निर्बंध आले, आठवडे बाजार बंद पडले. मजुरी आणि शेळीचे गिऱ्हाईक ही दोन्ही एकाच वेळी थांबली. तरी विडीचे सूप रिकामे असताना शेळीचे दूध चालूच होते, हेही तितकेच खरे.

यातच एक वाट दिसते. सिन्नर तालुक्यात ‘युवा मित्र’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला शेळीपालकांची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची उत्पादक कंपनी उभी राहिली. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘पशुसखी’ घडविण्याचे प्रयोग महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाले आहेत. लसीकरण, जंतनाशन, विमा आणि वजनावर विक्री एवढी साखळी जुळली, तर दारची शेळी ही केवळ अडीअडचणीची ठेव न राहता नियमित उत्पन्नाचे साधन होऊ शकेल. बोकड अंदाजाने विकला जातो तेव्हा व्यापाऱ्याचा अंदाज नेहमीच त्याच्या बाजूने चुकतो. काटा आला की तो चुकावयाचा थांबतो.

घरून काम करणाऱ्या स्त्रीला सवलत नको आहे. तिचे घर हीच तिची कामाची जागा आहे आणि तिचे जनावर हे तिचे भांडवल आहे, एवढे मान्य व्हावे, इतकीच अपेक्षा. ओळखपत्र, दवाखाना, लस आणि काटा या चार गोष्टी तिच्या ओसरीपर्यंत पोहोचल्या, तर सिन्नरच्या घरांतील सूप खाली ठेवण्याची वेळ येईल तेव्हा हात रिकामे राहणार नाहीत.